मदत हवी आहे: कापूस चिकटवून झाला, 'क' काही येईना

सुईदोरा
लवकर सांगा, सोमवारी पुढचं अक्षर घ्यायचंय. आम्ही हस्तकलेतून रोज एक अक्षर घेतो. 'क'वर कापूस, 'म'वर मसूर, 'भ'वर भेंडीचे ठसे. पोरं खूश, ग्रुपवर फोटो बघून पालकही खूश. पण भिंतीवरच्या 'क'वर बोट ठेवून "हे काय?" विचारलं की सगळे एका सुरात "कापूस!" तोच 'क' फळ्यावर काढला तर नुसते बघत बसतात. नवीन कल्पना द्या. 'पाटीवर गिरवून घ्या' कृपया सांगू नका.

उगाचच
वय काय? मुलं किती? मराठी माध्यम की 'ए फॉर अ‍ॅपल'वालं? एवढं तरी लिहा हो.

सिडकोचे आजोबा
आमच्या वेळी बाई हात धरून पाटीवर गिरवून घ्यायच्या, वर्षात बाराखडी यायची. कापूस-बिपूस पालकांना दाखवायला ठीक आहे.

मातीचे पाय
आजोबा, त्यांनी पाटी सांगू नका असं वरच लिहिलंय! एवढ्याशा बोटांना पेन्सिल तरी धरवते का? सुईदोरा, शाडू आणा आणि मातीच्या वळ्या करून अक्षर वळायला द्या. आमच्याकडे सगळी अक्षरं मातीतूनच झाली. हात धुवायची बादली मात्र बाहेर ठेवा, नाहीतर बेसिन तुंबतं.

सुईदोरा
साडेतीन-चार वर्षांची, अठरा जण, मराठी, इंदिरानगर. रोज अर्धा तास. अजून काय देऊ, आधार क्रमांक? अठरा जणांना माती दिली तर अर्धा तास हात धुण्यातच जाईल.

कानामात्रा
चिडू नका, हे कळल्याशिवाय सांगणार काय? प्रत्येक अक्षराला तुम्ही वेगळं सामान दिलंत, म्हणून मुलं सामानच लक्षात ठेवतात. सगळ्या अक्षरांना एकच द्या, रद्दीचे कपटे. मग वेगळेपण उरतं ते फक्त आकाराचं. कपटे लावायचे तेही लिहिण्याच्या क्रमाने: 'क'चा आधी डावा गोल, मग दंड, मग उजवं वळण, शेवटी डोक्यावरची रेघ. माँटेसरी पद्धतीतली खरखरीत अक्षरंही सगळी एकाच कागदाची असतात, बोट फिरवायला. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मिळेल. आणि रोज एक अक्षर फार होतं. 'म' आणि 'भ' तर लागोपाठ नकोच. मसूर आजच बंद करा, कुणीतरी नाकात घालेल.

पंचवटीकर
'द'ला द्राक्ष घ्या की, नाशिक आहे! खोकीही फुकट मिळतील.

कानामात्रा
द्राक्षात आधी 'द्र' ऐकू येतो. दगड घ्या. खोकी मात्र जरूर आणा, अक्षरं कापायला पुठ्ठा छान असतो.

शुद्धलेखनवाला
बाजारातली तयार अक्षरं आणू नका, बऱ्याचदा हिंदी वळणाची असतात. 2009च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' आहे.

उगाचच
इथे 'क'ची मारामार चाललीय, 'ल' कुणी विचारला?

शुद्धलेखनवाला
'ल' येईल तेव्हा आठवाल.

मातीचे पाय
पॉलिश पेपरने पोरांची बोटं सोलायची आहेत का? माती मऊ असते.

कानामात्रा
घासायचं नाहीये, दोन बोटं हलकेच फिरवायची. बारीक दाण्याचा घ्या, तो बोचत नाही.

सुईदोरा
बरं, सोमवारी नवीन अक्षर नाही, 'क'च परत घेते, कपट्यांनी. कापसाचा तक्ता भिंतीवरून काढू का? पालक विचारतील.

कानामात्रा
काढा. नाहीतर पोरं त्याच्याकडे बघूनच सांगतील.

पंचवटीकर
पॉलिश पेपर मेन रोडला मिळेल. शनिवारी तिकडे गाडी लावायला जागा मिळते का पण?

सिडकोचे आजोबा
रविवार कारंजापर्यंत रिक्षाने जा. आणि येताना पाट्याही घेऊन या.