१७८२ च्या लंडनमधील गुप्त विवाह: कथानक पटण्याजोगे आहे का?

प्रश्न (पानगळ):
जॉर्जियन काळातील इंग्रज उमरावांच्या समाजावर मी एक प्रेमकादंबरी लिहीत आहे. एका अर्लची (वरच्या दर्जाच्या उमरावाची) एकोणीस वर्षांची मुलगी १७८२ साली ऑलमॅक्स या लंडनमधील उच्चभ्रू नृत्यगृहातील सभेत एका कफल्लक कॅप्टनसोबत वॉल्ट्झ हे जोडीनृत्य करते आणि त्याच्या प्रेमात पडते. वडील विवाहास नकार देतात, म्हणून दोघे लंडनमधील एका चर्चमध्ये पाद्र्याचे हात ओले करून रातोरात लग्न करतात आणि वडिलांचा नाइलाज होतो. हा शेवट पटतो का?

प्रतिसाद (जुनी बखर):
हेच कथानक तीस-पस्तीस वर्षे मागे नेले असते, तर काहीच अडचण नव्हती, कारण तेव्हा फ्लीट तुरुंगाच्या परिसरात पैसे घेऊन झटपट लग्न लावणारे पाद्री सर्रास मिळत. लॉर्ड चान्सलर हार्डविक यांच्या १७५३ च्या कायद्याने, म्हणजे २५ मार्च १७५४ पासून, ते दार बंद झाले. विवाहाआधी चर्चमध्ये तीन रविवार जाहीर घोषणा करावी लागे किंवा परवाना घ्यावा लागे. वय एकवीसच्या आत असताना वडिलांच्या संमतीविना परवान्याने केलेला विवाह रद्दबातल ठरे, आणि बेकायदा लग्न लावणाऱ्या पाद्र्याला चौदा वर्षांची हद्दपारी होऊ शके. म्हणजे तुमच्या कथेत नाइलाज वडिलांचा नव्हे, जोडप्याचा होईल. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणूनच पळून जाणारी जोडपी सरहद्दीपलीकडील ग्रेटना ग्रीन गाठत. तीनशेहून अधिक मैलांचा तो प्रवास, टप्प्याटप्प्याला बदलायचे घोडे आणि मागावर असलेला बाप, एवढ्यावर दोन प्रकरणे सहज उभी राहतील.

प्रतिसाद (शाईदौत):
विवाह वैध ठरला, तरी पैशाचा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते खरी कादंबरी तिथे आहे. त्या काळी लग्नानंतर पत्नीची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई, म्हणून श्रीमंत घरांत आधी करारनामा करून तिचा हातखर्च आणि वैधव्यातील उत्पन्न विश्वस्तांमार्फत बांधून ठेवत. पळून गेलेल्या मुलीच्या हाती असा कागद नसे. शिवाय घटस्फोट हवा असेल, तर पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा लागे, त्यामुळे माघारीचा रस्ता जवळजवळ नव्हताच.

योगायोगाने तुम्ही निवडलेल्या वर्षातच बँकर रॉबर्ट चाइल्ड यांची एकुलती एक मुलगी सारा, वेस्टमोरलंडच्या अर्लसोबत ग्रेटना ग्रीनला पळाली. चाइल्ड त्याच वर्षी वारले. पण संपत्ती जावयाच्या थोरल्या मुलाकडे, पर्यायाने त्याच्या गादीकडे, जाऊ नये अशी तजवीज त्यांनी मृत्युपत्रात करून ठेवली होती. ती संपत्ती अखेरीस नातीला, म्हणजे साराच्या मुलीला, मिळाली. हीच नात पुढे लेडी जर्सी म्हणून ऑलमॅक्सच्या आश्रयदात्या स्त्रियांपैकी एक झाली आणि तिथे कोणाला प्रवेश द्यायचा, हे ठरवू लागली. असा सूड कोणा कादंबरीकाराला सुचला असता, तर संपादकांनी तो अतिरंजित म्हणून खोडला असता.

प्रतिसाद (जुनी बखर):
एक राहिले: १७८२ मध्ये वॉल्ट्झ नको. लंडनच्या उच्चभ्रू नृत्यसभांत तो एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रुळला, आणि तेव्हाही अनेकांनी नाके मुरडली. मिन्युएट किंवा कंट्री डान्स ठेवा. कंट्री डान्समध्ये जोडपी रांगेत आपली पाळी येईपर्यंत उभी राहत, त्यामुळे संवादाला वेळही भरपूर मिळेल.

प्रश्नकर्ती (पानगळ):
आभारी आहे. चर्च काढून टाकते. कॅप्टनला मात्र करारनाम्याविना झालेल्या लग्नाचा फायदा आधीपासून ठाऊक होता, असे दाखवण्याचा मोह होतो आहे.

प्रतिसाद (शाईदौत):
जरूर दाखवा, परंतु ते नायिकेला सरहद्द ओलांडण्याआधी कळू देऊ नका.