संगणक रचना शिकवताना इम्युलेटर पुरेसा आहे का?

तंत्रशिक्षिका, रत्नागिरी
आमच्या पदविका महाविद्यालयात ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचे संच आहेत. विद्यार्थी त्यांवर असेंब्ली प्रोग्रॅम चालवतात. परंतु बेरजेची एक सूचना चालताना प्रोसेसरच्या आत काय घडते, हे विचारले की वर्ग गप्प होतो. पावसाळ्यात वीज वारंवार जात असल्याने ब्रेडबोर्डवर मोठे सर्किट उभारणे कठीण आहे. अशा वेळी पायथनमध्ये छोटा इम्युलेटर, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लिहून घेणे पुरेसे ठरेल, की मायक्रोप्रोग्रॅमिंगही (प्रत्येक सूचना मेमरीत साठवलेल्या छोट्या नियंत्रण-पायऱ्यांतून चालवण्याची पद्धत) शिकवावे?

देवगडकर
मॅडम, नुसता इम्युलेटर पुरणार नाही. पायथनमध्ये बेरीज एका ओळीत होते आणि बसवर (घटकांना जोडणाऱ्या सामाईक तारांवर) कोणी लिहायचे, कोणत्या रजिस्टरने (आकडा तात्पुरता ठेवणाऱ्या जागेने) क्लॉकच्या कोणत्या ठोक्याला वाचायचे, हे सारे त्या ओळीत दडून जाते. लॉजिसिम या सर्किट-सिम्युलेटरमध्ये आठ बिटांची बस आणि कंट्रोल रॉम (कोणत्या पायरीला कोणते नियंत्रण-संकेत द्यायचे, ते साठवणारी मेमरी) मांडा. रॉमच्या पत्त्यात ऑपकोडचे (सूचनेच्या सांकेतिक क्रमांकाचे) ४ आणि पायरी मोजणाऱ्या काउंटरचे ३ बिट घेतले तर १२८ शब्द लागतात. झीरो व कॅरी हे फ्लॅगही (उत्तर शून्य आले का, हातचा आला का, हे सांगणारे बिट) पत्त्यात जोडले की ५१२ होतात आणि सशर्त जंप त्याच रॉममधून साधते. पुढे नवी सूचना हवी असल्यास, लागणारे रजिस्टर आधीच बसला जोडलेले असेल तर, एकही तार न हलवता केवळ काही शब्द बदलावे लागतात. मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये मायक्रोप्रोग्रॅमिंगची कल्पना मांडली, ती कंट्रोलच्या रचनेत अशी शिस्त यावी म्हणूनच.

चिपळूणचा हार्डवेअरवाला
इम्युलेटरला इतके कमी लेखू नये. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० चे मॉडेल ३० मायक्रोकोडच्या, म्हणजे कंट्रोल रॉममधल्या अशा शब्दांच्या, आधारे जुन्या आयबीएम १४०१ संगणकाचे प्रोग्रॅम चालवू शकत असे. दशावतारातला एकच नट दुसरे सोंग घेतो, तसेच ते. म्हणजे हे दोन विषय मुळात वेगळे नाहीतच. विद्यार्थ्यांनी आधी इम्युलेटर लिहावा, मग तोच प्रोग्रॅम लॉजिसिमवर चालवून प्रत्येक सूचनेनंतर दोन्हीकडची रजिस्टरे ताडून पाहावीत. फरक आला तर दोन घटक एकाच वेळी बसवर लिहीत नाहीत ना, हे प्रथम तपासावे. मात्र ८०८५ चे कंट्रोल मुख्यतः हार्डवायर्ड (थेट सर्किटमध्ये बांधलेले) आहे, हे वर्गात स्पष्ट सांगा; मायक्रोकोड ८०८६ मध्ये आहे, आणि त्याचा प्रत्येक शब्द २१ बिटांचा आहे.

तंत्रशिक्षिका, रत्नागिरी
आभारी आहे. रॉममधले शब्द हाताने भरून घ्यावेत, की पायथनने तयार करावेत?

देवगडकर
फेचच्या (मेमरीतून सूचना आणण्याच्या) पायऱ्या आणि एक-दोन सूचना हाताने, कागदावर तक्ता काढूनच. पुढचे खुशाल पायथनने करू द्या.