एमएस : बॅक्लोफेनने पाय मोकळा होतो की लुळा? गोळ्यांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. घाटंजीच्या बाजूला आमचं खेडं आहे. वय ३६, शिवणकाम करते. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, आहे हे २०२१ मध्ये नागपूरला एमआरआय काढला तेव्हा समजलं. त्याआधी दोन वर्षं कोणी लकवा म्हणे, कोणी बाहेरचं म्हणे. मूळ आजार रोखायची गोळी वेगळी चालू आहे, तिच्याबद्दल नाही विचारत. विचारायचं आहे ते रोजच्या त्रासाच्या गोळ्यांचं.

उजवा पाय आखडतो. मशीनच्या पायडलवर चवडा टेकला की पाय आपल्याआप टकटक उडायला लागतो, थांबतच नाही. एकदा ब्लाउजच्या गळ्याला पट्टी लावत होती, मशीन माझ्या मनाविरुद्ध चार बोटं पुढे पळाली आणि गिऱ्हाइकाचा खण वाया गेला. डॉक्टरांनी बॅक्लोफेन दिलं, ५ मिलिग्रॅमपासून वाढवत वाढवत १० तीन वेळा. उडणं थांबलं. पण आता वेगळंच होऊन राहिलं. सकाळची गोळी घेतली की तासाभराने पाय ओल्या चिंधीसारखा. मागच्या आठवड्यात नळावरून येताना गुडघा मोडला नि हंड्यासकट खाली बसली. हंडा चेपला, मी वाचली. गोळी नाही घेतली तर पाय लाकूड, घेतली तर चिंधी. मधलं काही असते का?

दुसरा घोळ म्हणजे सगळ्या गोळ्या एका चिठ्ठीवरच्या नाहीत. नागपूरच्या चिठ्ठीवर बॅक्लोफेन, पायाच्या आगीसाठी रात्री प्रीगॅबालिन ७५ आणि थकव्यासाठी अमँटाडिन १०० सकाळ-संध्याकाळ. तालुक्याच्या डॉक्टरांनी आखडण्यासाठीच रात्री टिझानिडिन २ जोडली. लघवीची घाई होते म्हणून तिसऱ्या दवाखान्यातून ऑक्सिब्युटिनिन. तोंड सुकून राहते, झोप नाही, रात्री चारदा लघवीला मागच्या संडासापर्यंत जावं लागते आणि तरी लघवी पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. आता मे महिना, दुपारी तर मी मेल्यासारखी पडलेली असते.

नागपूरची तारीख वीस दिवसांवर आहे. तिकीट अर्धं लागते, पण यांची दोन दिवसांची मजुरी जाते, म्हणून मधात जाणं होत नाही. "सगळ्या गोळ्या बंद करून पाहा" असं कृपया कोणी सांगू नका. गेल्या पोळ्याच्या वेळी नाल्याला पूर आला, गोळ्या संपल्या, तीन दिवस बॅक्लोफेन नव्हतं. दोन्ही पाय ताठ झाले आणि रात्री भिंतीवर मुंगळे दिसत होते. यांनी बॅटरी लावून दाखवलं, भिंत कोरी होती.

काळीमाती : ताई, आमच्याकडे एक वैद्य मुळी देतात, सांधे मोकळे होतात. तीन महिने पथ्य पाळा, या इंग्रजी गोळ्यांनी मूत्रपिंड जाते.

दुकानदार_वर्धा : काळीमाती भाऊ, त्यांना सांधेदुखी नाही. मेंदू आणि मणक्यातल्या नसांवरचं वेष्टण झिजतं, तारेचं प्लास्टिक सोलल्यासारखं. मुळी बाजूला ठेवू.

ताई, माझं औषधांचं दुकान आहे, मी डॉक्टर नाही. मुंगळे दिसले ते बॅक्लोफेन एकदम तुटल्यामुळे असू शकते. अशा वेळी भास होतात, झटकेही येऊ शकतात. पावसाळ्याच्या आधी पंधरा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या घरात ठेवाच, चिठ्ठीवर तसं लिहून मागा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टिझानिडिन चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन चालत नाही. सिप्रोमुळे टिझानिडिन रक्तात कितीतरी पटीने वाढते, बीपी खाली जाते, माणूस चक्कर येऊन पडतो. आणि लघवीला जळजळ म्हटलं की आपल्याकडे पहिली गोळी तीच हातात देतात. तुम्ही घेतली होती का? टिझानिडिनवर लिव्हरची तपासणीही अधूनमधून लागते.

धागाकर्ती : दादा, अंगावर काटा आला. घेतली होती. हंडा पडला त्याच आठवड्यात, पाच दिवसांची.

दुकानदार_वर्धा : मग सगळा दोष बॅक्लोफेनचा नसेल. तालुक्याच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि दोन्ही नावं एकत्र सांगा. अमँटाडिनचंही विचारा. ती झोप उडवते, म्हणून दुसरी गोळी संध्याकाळी न देता दुपारच्या जेवणानंतर देतात.

चिखलदरा_रिटर्न : मला एमएस होऊन अकरा वर्षं झाली, अमरावती जिल्ह्यातली आहे. लाकूड आणि चिंधी वाचून हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. मला जे समजायला चार वर्षं लागली ते सांगते. पाय कमजोर असला की त्याचं आखडणंच आपल्याला उभं ठेवत असते. आखडणं पूर्ण काढून टाकलं की खाली उरतो तो नुसता कमजोर पाय. म्हणून डॉक्टरांना "आखडते" एवढंच सांगू नका. कोणत्या वेळी उभं राहायचं असते आणि कोणत्या वेळी पाय सैल हवा असतो, ते सांगा. माझे डोस सारखे नाहीत, दिवसा कमी आणि झोपताना जास्त. आठ दिवस वहीत लिहा : गोळी किती वाजता, पाय कसा, काय काम करत होती.

आखडणं अचानक वाढलं तर आधी लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठ, पायाची जखम पाहायची, मग डोस वाढवायचा. माझा डोस दोनदा उगाच वाढला, कारण लघवी तपासायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

लघवीचं तर लगेच पाहा. ऑक्सिब्युटिनिन घाई कमी करते, पण मूत्राशय रिकामंच होत नसेल तर लघवी आणखी तुंबते. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत किती उरली ते पाहतात. साधी तपासणी आहे.

चालण्यासाठी फॅम्प्रिडिन नावाची गोळी असते, १० मिलिग्रॅम, बारा तासांच्या अंतराने दोनदा. तोडायची नाही, चावायची नाही, आणि झटके येणाऱ्यांना किंवा मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांना देत नाहीत. सगळ्यांना लागू पडत नाही. पंचवीस फूट चालायला किती सेकंद लागतात ते आधी आणि नंतर मोजतात. माझ्या सेकंदात काही फरक पडला नाही, म्हणून बंद केली. माझ्या ओळखीची एक जण मात्र तिच्याच जोरावर शाळेत शिकवते.

दुपारच्या मेल्यासारख्या पडण्याला आपलं ऊनही कारण आहे. अंग थोडं जरी तापलं तरी झिजलेल्या नसांतून संदेश जात नाही. तो आजाराचा नवा हल्ला नसतो, अंग थंड झालं की ताकद परत येते. ओला दुपट्टा मानेवर, शिवणकाम पहाटे. कूलर मे महिन्यात सोन्यासारखा, पावसाळ्यात बिनकामाचा, नुसता दमटपणा वाढवते. थकव्याच्या गोळ्यांपेक्षा मला कूलरनेच जास्त साथ दिली.

दुकानदार_वर्धा : अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं का? २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस नावानिशी आहे. प्रीगॅबालिनसारख्या गोळ्या जनऔषधीतही विचारा, बराच फरक पडतो.

धागाकर्ती : सगळ्यांना उशिरा उत्तर देते, माफ करा. परवा नागपूरहून आली. वही घेऊन गेली होती. डॉक्टरांनी ती पूर्ण वाचली, असं पहिल्यांदाच झालं.

बॅक्लोफेन आता सकाळी ५, दुपारी ५, रात्री १०. टिझानिडिन बंद, आणि सिप्रोचं नाव चिठ्ठीवर लाल पेनाने लिहून दिलं की देऊ नये. अमँटाडिनची दुसरी गोळी दुपारी केली, दोन रात्री बरी झोप लागली. पाय अजून थोडा उडतो, पण नळावरून पाणी आणलं. अर्धाच हंडा.

सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही १८० मिली उरली होती. म्हणून ऑक्सिब्युटिनिन बंद केली आणि दिवसातून तीनदा नळी स्वतः घालून रिकामं करायला शिकवलं. नर्सबाईंनी आरसा देऊन दोनदा करून घेतलं. लाज वाटली, पण काल रात्री एकदाच उठली.

चिखलदरा ताई, तुम्ही नळी वापरता का? बारा नंबर लिहून दिली आहे. घाटंजीच्या दुकानात फक्त पिशवीवाली, मुक्कामी ठेवायची नळी आहे, ही सुटी नाही. यवतमाळात मिळेल, की वर्ध्याहून दादा एसटीच्या पार्सलने पाठवू शकतील? माझ्याकडे नऊ उरल्या आहेत.