नवा पोपट घरी आला की पंधरा दिवस हात लावायचा नाही: पटतं का?

दुपारचा चहा (एडिसन, न्यू जर्सी)
मागच्या शनिवारी आमच्याकडे गुंड्या आला. ब्लू-फ्रंटेड अ‍ॅमेझॉन जातीचा, वय पाच महिने. आधीच्या घरी बाळ यायचंय, त्यात पोपटाचा आरडाओरडा झेपणार नाही म्हणून त्यांनी आम्हाला दत्तक दिला. डोळे अजून काळेभोर आहेत, मोठेपणी नारिंगी होतील.

आज पाचवा दिवस. पठ्ठ्या लांबच्या दांडीवर भिंतीला चिकटून बसतो. हात दिसला की मानेवरची पिसं फुलवतो. नवऱ्याचं म्हणणं, "हातात घेतल्याशिवाय माणसाळणार कसा?" माझं म्हणणं, ज्याचं अख्खं जग शनिवारी एका डब्यात बंद होऊन दुसऱ्याच्या घरी उघडलं, त्याला जरा श्वास घेऊ द्या. पंधरा दिवस कोणी हात लावायचा नाही असा फतवा काढलाय आणि पिंजरा आतल्या खोलीत हलवलाय. दाणा-पाणी ठेवायचं, शेजारी बसून पेपर वाचायचा, बस्स. नवऱ्याचा पार पोपट झालाय. ज्यांना हे पटत नाही त्यांनी वाद घालायला यावं.

फणस बरका
चहाताई, अजिबात पटत नाही. आमची अ‍ॅमेझॉन अकरा वर्षं घरात आहे, त्या जोरावर बोलतोय. पाच महिन्यांचं पोर आहे हो ते! माणसाच्या हातून भरवून वाढवलेलं असणार. त्याला हाताची सवय होती, आणि तुम्ही नेमकी तीच काढून घेतलीत. वर आतल्या खोलीत कोंडलंत. हे थव्यातले पक्षी. रानात एकटा पडला तो ससाण्याच्या पोटात गेला, एवढंच त्याच्या रक्ताला ठाऊक. तुम्हाला शांतता वाटते ती त्याला एकांतवासाची शिक्षा आहे. पिंजरा हॉलमध्ये आणा, एक बाजू भिंतीला लावा. दिवेलागणीला हाका मारेल तेव्हा कुठल्याही खोलीतून ओ द्या. आणि हात पहिल्या दिवसापासून दाखवा.

दुपारचा चहा
हॉल किचनला लागून आहे. रोजच्या फोडणीचा धूर, आणि माझा नॉनस्टिक तवा. तो जास्त तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत संपवतो असं वाचलं, म्हणून आतली खोली. कोंडायची हौस नाही मला.

फणस बरका
तवा टाकून द्या! बिडाचा आणा, डोसेही चांगले होतात. उदबत्ती, धूप त्याच्यापासून लांब. एवढ्यासाठी पक्ष्याला अडगळीत टाकायचं?

बोटाला तीन टाके
माझं नाव वाचलंत ना? ते गमतीनं घेतलेलं नाही. आमच्याकडे पोपट आला त्याच्या तिसऱ्या दिवशी मेहुण्यांना उत्साह. त्याची बुबुळं लहान-मोठी होत होती, शेपटी जपानी पंख्यासारखी पसरली होती, मान फुगलेली. मेहुणे म्हणाले, "बघा, खूश आहे!" आणि मी शहाणा, बोट पुढे केलं. टाक्यांचं दुखणं आठवड्यात गेलं. पण मी ओरडून हात झटकला आणि तो खाली पडला, त्यानंतर दोन महिने हात बघितला की पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसायचा. चहाताई, तुमच्या फतव्याला माझी सही.

फणस बरका
ती मेहुण्यांची चूक, हाताची नव्हे. पोपट स्पष्ट "लांब राहा" म्हणत होता, तुम्हाला वाचता आलं नाही. रस्ता ओलांडताना कोणाला धक्का बसला म्हणून आपण पंधरा दिवस घरात बसतो का?

बोटाला तीन टाके
वाचायला यायलाच तर पंधरा दिवस लागतात, काका. प्रत्येक पक्ष्याची लिपी वेगळी.

पिंजरा कशाला
हात लावायचा की नाही यावर एवढा खल, पण मुळात ठेवायचाच का? नीट सांभाळला तर पन्नास वर्षं जगतो हा पक्षी. मृत्युपत्रात पोपट लिहिणार आहात का? त्याचं घर ब्राझील-पॅराग्वेच्या रानात.

दुपारचा चहा
मृत्युपत्राचा विषय निघालाय घरात, खोटं सांगत नाही. माझी मुलगी सोळा वर्षांची, तिनं हात वर केलाय. पण गुंड्या रानातून पकडलेला नाही, इथेच पैदास झालेला आहे. 1992 च्या रानपक्षी संरक्षण कायद्यानंतर अमेरिकेत रानातले पोपट आणून विकण्याचा धंदा जवळपास बंदच पडला. सोडू म्हणता, तर कुठे? इथे न्यू जर्सीतच एजवॉटर गावात विजेच्या खांबांवर क्वेकर जातीचे छोटे पोपट घरटी बांधून राहतात खरे, पण ते थंडी सोसणारे. गुंड्या जानेवारी बघणार नाही.

सदाशिव पेठी
पुण्यातून एक भाबडा प्रश्न. आमच्या वाड्यात आजोबांचा विठू होता, मिरची खायचा. तसा ठेवता येईल का आता?

बोटाला तीन टाके
तो आपला देशी पोपट, राघू. वन्यजीव कायद्यानं तो पाळताच येत नाही. अ‍ॅमेझॉन परदेशी, त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मिरचीचं म्हणाल तर तिखट पक्ष्यांना जाणवतच नाही, आजोबांचा विठू काही शूर वगैरे नव्हता.

काटा आणा
हातावरून भांडताय सगळे, पण तो खातोय का हे एकानंही विचारलं नाही. भेदरलेलं पिल्लू वाटीत चोच घालून दाणे नुसते उधळतं, आपल्याला वाटतं जेवलं. चहाताई, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, रोज सकाळी खाण्याआधी वजन करा. हात लावायची गरज नाही. ज्या डब्यातून आला तोच काट्यावर ठेवून शून्य करा, पिंजऱ्याच्या दाराशी टेकवा, आत खाऊ टाका. शिरला की अलगद दार लावून डबा परत काट्यावर. मूळ वजनाच्या दहावा हिस्सा घटला तर पंधरा दिवसांचे बेत बाजूला ठेवून थेट पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. तशीही पहिली तपासणी या आठवड्यात व्हायलाच हवी.

आणखी एक. या वयाची पिल्लं घर बदललं की परत तान्ही होतात, स्वतः खायचं विसरतात. उकडलेलं रताळं किंवा गाजर कुस्करून कोमट करून द्या. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवू नका, अ‍ॅमेझॉन फार लवकर अंगानं सुटतात.

दुपारचा चहा
काटेवाल्या, तुम्हाला साष्टांग. आधीच्या घरून आलेल्या कागदावर 392 ग्रॅम होतं. आज 371. डब्यात शिरायला पाऊण तास घेतला त्यानं. दाण्यांची वाटी मी भरलेली समजत होते, फुंकर मारली तर वर नुसती टरफलं. डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली.

रताळं मात्र लागू पडलं. चमचा गजांमधून आत सरकवला तर आधी मान वाकडी करून बघितलं, मग चोच चमच्यात रोवून पंप मारल्यासारखी मान वर-खाली, वर-खाली, आणि एक बारीक कण्हल्यासारखा आवाज. तोंडभर माखलं, पडद्यावर उडालं. पिंजरा हॉलमध्ये आणलाय, किचनपासून लांबच्या कोपऱ्यात. तवा गराजमध्ये. एवढं फणसकाकांचं ऐकलं. पण हाताच्या बाबतीत माझा फतवा कायम आहे.

बोटाला तीन टाके
शाब्बास!

फणस बरका
पडद्यावर रताळं उडालं म्हणजे रुळतोय. एकच विचारतो ताई, चमचा कोणाच्या हातात होता?

दुपारचा चहा
नवऱ्याच्या. कोणी त्याला हा धागा पाठवू नका.