मदत हवी आहे : साथीच्या काळातल्या जिल्हा सल्लागार समितीचा आदेश

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम २५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणात जिल्हाधिकारी अध्यक्ष, निवडून आलेला स्थानिक प्रतिनिधी सहअध्यक्ष, शिवाय पोलीस अधीक्षक वगैरे. आठवडी बाजार बंद ठेवायचा का, हे ठरवताना आरोग्याच्या बाजूने बोलणारा हमखास माणूस एकच, जिल्ह्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी. साथरोगतज्ज्ञ, आशा स्वयंसेविका, बाजारातले हमाल-तोलणार यांच्यासाठी जागा राखलेलीच नाही. मात्र कलम २८ खाली प्राधिकरण सल्लागार समिती नेमू शकतं. तिचाच मसुदा आम्ही करतोय.

निर्णय अधिकाऱ्यांचा, जबाबदारीही त्यांचीच. पण सल्ला लेखी हवा आणि तो डावलला तर कारण आदेशातच यायला हवं, यावर आम्ही ठाम आहोत.

अडचण मुदतीची. नुसतं ‘सल्ला घ्यावा’ लिहिलं की आदेश निघाल्यावर बैठक होते. आधी सल्ला सक्तीचा केला तर तातडीचं काम अडतं. म्हणून सध्या असं लिहिलंय : आदेश लगेच काढा, ७२ तासांत समितीपुढे ठेवा, १४ दिवसांत फेरविचार झाला नाही तर तो आपोआप रद्द.

कलम २८ खाली प्रत्यक्ष निघालेला आदेश कोणाकडे आहे का? गणपूर्ती (बैठकीला किमान किती सदस्य हवेत), भिन्नमताची नोंद आणि इतिवृत्त जाहीर करण्याची मुदत, एवढा भाग हवाय. जावक क्रमांक दिसेल असा स्कॅन असेल तर फारच उत्तम.