गोल विणताना दोन सुयांच्या जोडावर उभी फट पडते, काय करू?

नमस्कार मंडळी,
दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांवर मोजे विणतेय. ६४ टाके तीन सुयांवर २०, २२, २२ असे वाटलेत आणि चौथ्या सुईने विणतेय. बाकी वीण एकसारखी येते, पण एक सुई संपून दुसरी सुरू होते तिथे शिडीसारखी उभी फट दिसते. मोजा पायात चढवला की ती आणखी रुंद होते. वरच्या बॉर्डरला दोन सुलट, दोन उलट आहे. तिथे दुसऱ्या आणि तिसऱ्या सुईमधली फट तर इतर दोन जोडांपेक्षा मोठी आहे, ते का, हे कळत नाही. प्रत्येक सुईचा पहिला टाका मी चांगला ओढून घेते, तरी फरक पडत नाही. लोकर मोज्यांची बारीकच आहे, सुया स्टीलच्या. आतापर्यंतची वीण सुंदर आलीय, त्यामुळे उसवायची अजिबात इच्छा नाही. कृपया मार्ग सुचवा.

प्रतिसाद १
पहिल्याऐवजी दुसरा टाका ओढून बघा. जोडावर दोन सुया कोनात असतात, म्हणून शेवटचा आणि पहिला टाका एकमेकांपासून लांब खेचले जातात आणि मधला धागा गरजेपेक्षा लांब होतो. पहिला टाका विणून लगेच ओढला, तरी तो नुकताच सुईवर आलेला असतो. पुढच्या टाक्याकडे हात वळला की ओढलेला धागा परत सैल पडतो. त्यामुळे पहिला टाका नेहमीसारखा विणा, दुसऱ्या टाक्यात सुई घाला आणि धागा आता ओढा, मग तो टाका पूर्ण करा. सुई दुसऱ्या टाक्यात अडकलेली असल्यामुळे ताण टिकतो. तिसऱ्यालाही तसंच करा.
पहिला टाका विणताना आधीच्या सुईचा शेवटचा टाका टोकाजवळ सरकवा आणि दोन्ही सुया शक्य तितक्या समांतर, चिकटून धरा. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. मात्र सगळा जोर लावून ओढू नका, नाहीतर फटीच्या जागी आखडलेली उभी रेघ येते आणि मोजा तिथे ताणला जात नाही.

प्रतिसाद २
बॉर्डरचं कोडं तुमच्या वाटणीत आहे. २० अधिक २२ म्हणजे ४२, म्हणजे दुसरी सुई दोन सुलटांवर संपते आणि तिसरी उलट टाक्याने सुरू होते. सुलटावरून उलटावर जाताना धागा मागून पुढे आणावा लागतो, तिथे तो मुळातच थोडा जास्त लागतो, त्यात जोडाचा सैलपणा मिसळतो. २०, २०, २४ असे वाटले की प्रत्येक सुई सुलटाने सुरू होईल आणि उलटाने संपेल.
पाचवी सुई असेल तर आणखी छान. चार सुयांवर १६-१६ टाके घ्या, पाचवीने विणा. त्रिकोणाऐवजी चौकोन झाला की कोन कमी तीव्र होतो आणि टाके कमी ताणले जातात. लाकडी किंवा बांबूच्या सुयांवरून टाके स्टीलइतके घसरत नाहीत, हाही एक फायदा.

प्रतिसाद ३
मी जोड हलता ठेवते. प्रत्येक सुई संपली की पुढच्या सुईवरचे दोन टाके त्याच सुईने विणून घेते. सैलपणा असला तरी एकावर एक न येता तिरका पसरतो आणि दिसत नाही. फेरीची सुरुवात मात्र सुईवरून ओळखता येत नाही, म्हणून विणीतच रंगीत दोरा किंवा उघडता येणारा मार्कर अडकवा. टाचेच्या आधी टाके पुन्हा जागेवर आणा. साध्या सुलट विणीत हे उत्तम चालतं, नक्षी असेल तर मला ते नकोसं होतं, मोजणीचा फार गोंधळ होतो.

धागाकर्ती
दुसरा टाका ओढून काही फेऱ्या विणल्या, फट खरंच दिसत नाही! मनापासून आभार. आधी विणलेल्या भागाचं काय करता येईल?

प्रतिसाद १
उसवू नका. फटीतला आडवा धागा बोथट सुईच्या टोकाने थोडा-थोडा शेजारच्या दोन-तीन टाक्यांत सरकवा, डावीकडे आणि उजवीकडेही. मोजा पूर्ण झाल्यावर कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून सपाट वाळवा. लोकर ओली झाली की टाके आपापसांत बसतात. सुती धाग्यात हे इतकं होत नाही, पण तुमची लोकर आहे, तेव्हा धुतल्यावर बरंच काही मिटेल.