प्रतिसाद: हरवळ्याचं पाणी पांढरं फटक का येतं?

प्रश्न असा की गोव्यातल्या हरवळे धबधब्याचे फोटो काढताना एनडी८ (उजेड आठपट कमी करणारा काळसर फिल्टर) लावूनही पाण्यात तपशील उरत नाही. दोष फिल्टरचा नसावा. भोवतालची ओली काळी कातळं आणि झाडी पाहून कॅमेऱ्याचा मीटर (उजेड मोजणारा) फसतो, सगळं उजळ करायला जातो आणि पाणी जळतं, म्हणजे निव्वळ पांढरं होतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या मापापेक्षा फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे ०.७ ते उणे १ ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, हायलाइटची लुकलुक (जळलेला भाग पडद्यावर लुकलुकतो ती सूचना) चालू ठेवा. सावल्या नंतर उचलता येतात, जळलेलं पांढरं परत येत नाही.

एनडी८ म्हणजे ३ स्टॉप (एका स्टॉपला उजेड निम्मा): आयएसओ (संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (भिंगाचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) वर फिल्टरशिवाय शटर १/१५ सेकंद येत असेल तर १/२ सेकंद मिळतो. पावसाळी लोंढ्याला तेवढाही जास्तच. १/४ ला धारा वेगळ्या दिसतात. पण त्यासाठी एनडी८ काढून एफ/२२ वर जाऊ नका, डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) चित्र मऊ पडतं. त्यापेक्षा पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावा. दीड-दोन स्टॉप कमी होतात, शिवाय ओल्या पानांची चकाकी जाते. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हात हलण्याची भरपाई) बंद, २ सेकंदांचा टायमर.

आणि तुषार! प्रत्येक फ्रेमआधी फिल्टर पुसा. एसी गाडीतून उतरल्यावर बॅग अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर काचेवर वाफ धरलीच.